गाडीचं ऑइल कुणाच्या भरवशावर?

आजचा विषय मी निवडलेला नाही, तुम्हीच दिलेला आहे. कार्यक्रमाला येणाऱ्या फोनमध्ये एक प्रश्न वरचेवर येतो. शब्द वेगळे असतात, पण मतलब एकच. "ताई, स्कूटीचं ऑइल गॅरेजवाल्याकडं बदलायला टाकते, पैसे देते, पण त्यानं खरंच बदललं का नाही हे मला कसं कळणार? त्यापेक्षा घरीच बदलायला शिकू का?"

हा प्रश्न पुणे रस्त्यावरच्या बायकांकडून जास्त येतो, आणि त्याला कारण आहे. चिंचोळी एमआयडीसीत सकाळच्या पाळीच्या वेळी फाट्यावर पाच मिनिटं उभ्या राहा, म्हणजे कळेल. कोंडीकडून, पाकणीकडून, मोहोळच्या बाजूनं, थेट सोलापूर शहरातून बायका दुचाकीवर येताना दिसतात. कुणी पॅकिंगला, कुणी कँटीनला, कुणी ऑफिसात. गटातल्या काहीजणी कडक भाकरी आणि शेंगाचटणीची पोती पायाशी ठेवून पोचवायला येतात. एसटीची वेळ आणि पाळीची वेळ जुळत नाही म्हणून गाडी घेतलेली, आणि बऱ्याच जणींची गाडी गटाच्या नाहीतर बँकेच्या कर्जावरची. म्हणजे गाडी थांबली तर रोज बुडतो, आणि रोज बुडला तरी हप्ता थांबत नाही.

आता हिशेब करू. शहरातून येणाऱ्या बाईचं जाऊन-येऊन तीस-पस्तीस किलोमीटर होतं. पस्तीस धरले आणि महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर 910 किलोमीटर. सव्वातीन महिन्यांत जवळजवळ 3,000 किलोमीटर. ऑइल बदलायची वेळ मॉडेलप्रमाणे साधारण 3,000 ते 6,000 किलोमीटरच्या मधे कुठंतरी असते, नव्या गाडीला पहिल्यांदा त्याच्या बरंच आधी. नक्की आकडा गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात असतो. ते पुस्तक कपाटात साड्यांच्या खाली असेल, ते आजच काढून ठेवा. म्हणजे या रस्त्यावरच्या बाईला वर्षातून दोन ते चार वेळा ऑइलचा प्रश्न येतोच. गावातल्या गावात अंगणवाडीपर्यंत गाडी नेणारीचे किलोमीटर भरतच नाहीत, पण तिनंही वर्षातून एकदा तरी बदलायलाच हवं, कारण ऑइल नुसतं पडूनही खराब होतं. किलोमीटर किंवा महिने, जे आधी येईल ते.

आमच्या ओळखीतल्या एका ताईची गोष्ट सांगते. नाव सांगत नाही, गॅरेजचंही नाही. पाळी सुटल्यावर सावळेश्वर टोलनाक्याच्या अलीकडं तिची गाडी घर्रकन आवाज करून थांबली. किक बसेना, चाक ढकललं तर जड. इंजिन जाम. गाडी टेम्पोत घालून नेली. मिस्त्रीनं इंजिन खोललं, आत ऑइल जवळजवळ नव्हतंच. चार महिन्यांपूर्वी ऑइल बदलल्याचे पैसे तिनं दिले होते. ज्यानं घेतले तो म्हणाला, मी बदललं होतं, तुमच्याच गाडीनं खाल्लं असेल. नवरा म्हणाला, त्यानं टाकलंच नसेल. खरं काय, हे कुणालाही सिद्ध करता आलं नाही, कारण मधल्या चार महिन्यांत ऑइल किती आहे हे कुणी बघितलंच नव्हतं आणि बिलही नव्हतं. इंजिनच्या कामाला काही हजार गेले, पंधरा दिवस खाडे पडले, आणि ते पैसे तिनं गटातूनच उचलले.

या गोष्टीत चोर कोण हे शोधत बसायला मला आवडत नाही. दोघंही खरं बोलत असू शकतात. कसं, ते समजायला इंजिनात ऑइल काय करतं ते बघू.

बैलगाडी ज्यांनी बघितली आहे त्यांना हे नव्यानं सांगायला नको. गाडीच्या आखाला वंगण दिलं नाही की चाक कुरकुरायला लागायचं, आणि तसंच दामटलं तर लाकूड झिजायचं. म्हणून गाडीखाली वंगणाचं नळकांडं लटकवलेलं असायचं. इंजिनाचंही तेच, फक्त फार वेगात. लोखंडावर लोखंड मिनिटाला हजारो वेळा घासतं, मधे तेलाचा केसाहून बारीक पडदा असतो. तो पडदा आहे तोवर दोन धातू एकमेकांना शिवत नाहीत. त्याशिवाय ऑइल आतली उष्णता वाहून नेतं, काजळी आणि धातूचा बारीक चुरा आपल्यात धरून ठेवतं, आणि गंज धरू देत नाही. दुचाकीचं इंजिन बहुतेक वेळा नुसत्या हवेवर थंड होतं. आपल्या सोलापूरच्या मे महिन्यात ती हवाच चाळीस-बेचाळीसच्या पुढं असते, तेव्हा ऑइलवर किती भार पडत असेल, विचार करा.

यातला एक भाग तर आपल्या घरचाच आहे. कॅमशाफ्ट. हा एक दांडा असतो, त्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. दांडा फिरला की ते उंचवटे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडतात आणि बंद होऊ देतात, म्हणजे इंजिनाचं नाकतोंडच म्हणा. मोटारगाड्यांचे कॅमशाफ्ट बनवणारी प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी सोलापूरची, 1992 सालची. तिचे कारखाने अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत आणि आपल्या चिंचोळीत आहेत, आणि इथले दांडे देशातल्याच नाही तर परदेशातल्या मोटारींतही बसतात. आपल्या स्कूटीत असतो तो छोटा भाऊ, पण काम तेच. इंजिन मिनिटाला पाच हजार फेरे फिरलं तर हा अडीच हजार फिरतो. आणि तो बसतो इंजिनाच्या डोक्याशी, जिथं ऑइल सगळ्यात शेवटी पोचतं. ऑइल कमी झालं की पहिला मार बऱ्याचदा त्यालाच. वरून टकटक आवाज यायला लागतो तो तिथलाच. मायक्रॉनमध्ये मापून घासलेला तो दांडा आपण पाऊण लिटर तेलासाठी खराब करतो.

पाऊण लिटर मी मुद्दाम म्हणाले. मोटारीत तीन-चार लिटर ऑइल असतं, त्यातलं पाव लिटर कमी झालं तर लगेच आभाळ कोसळत नाही. नेहमीच्या स्कूटीत मात्र सगळं मिळून पाऊण लिटरच्या आसपास असतं, मोटारसायकलीत लिटरभर. त्यातलं पाव लिटर गेलं तर तिसरा हिस्सा गेला. आणि ते जातंच. थेंबही खाली न सांडता जातं. पिस्टनच्या कडेनं थोडं थोडं वर चढतं आणि पेट्रोलबरोबर जळतं. गाडी जुनी असेल तर जास्त, ओझं वाहात असेल तर आणखी जास्त. मागून निळसर धूर दिसला तर समजा की तेच चाललंय. म्हणून म्हटलं, त्या ताईच्या गाडीत मिस्त्रीनं पुरेपूर ऑइल टाकलं असेल आणि चार महिन्यांत गाडीनं ते खाल्लंही असेल. आणि बहुतेक साध्या स्कूटींना ऑइल कमी झाल्याचा दिवाच नसतो. पेट्रोलचा काटा असतो, ऑइलचा नसतो. काटा नाही, म्हणून काडी आहे.

ही काडी, म्हणजे डिपस्टिक, तुम्हाला माहीत झाली तर आजचं बोलणं कारणी लागलं. इंजिनाच्या बाजूला खालच्या अंगाला एक टोपण असतं, बहुधा काळं, बोटांनी फिरवता येईल असं. त्याला आतून एक काडी जोडलेली असते. काडीच्या टोकाशी दोन खुणा असतात, वरची आणि खालची. बघायची रीत अशी. गाडी सपाट जमिनीवर मधल्या स्टँडवर लावा. साइड स्टँडवर लावली तर गाडी कलते आणि माप खोटं येतं. इंजिन दोन-तीन मिनिटं चालवा, बंद करा, आणि दोन-तीन मिनिटं थांबा म्हणजे वर चढलेलं ऑइल खाली उतरेल. मग टोपणाच्या भोवतालची धूळ पुसा. ही पायरी कुणी सांगत नाही, पण आपल्याकडं पांढऱ्या धुळीचे रस्ते आहेत, टोपण काढताना ती धूळ आत पडली तर ऑइलच घासायला लागतं. टोपण काढा, काडी स्वच्छ फडक्यानं पुसा, परत आत घाला, बाहेर काढा, आणि ओली खूण कुठपर्यंत आली ते बघा. परत घालताना काही गाड्यांत काडी नुसती टेकवायची असते, आटे फिरवायचे नसतात, काहींत पूर्ण बसवायची असते. तुमच्या गाडीचं काय ते पुस्तकात चित्रासकट असतं. हा फरक छोटा वाटतो, पण त्यानं माप बदलतं.

ओली खूण दोन रेघांच्या मधे असली की ठीक. खालच्या रेघेशी आली असेल तर त्याच प्रतीचं ऑइल थोडं थोडं घालून वरच्या रेघेच्या जरा खाली आणा. काडी कोरडीच निघाली तर गाडी चालू करू नका. मग फाटा दोनच किलोमीटरवर असला तरी नाही. आणि वरच्या रेघेच्या वर भरू नका. पोळीवर जास्त तूप चालतं, इंजिनात जास्त ऑइल चालत नाही. फेस होतो, दाब वाढतो, सीलमधून गळायला लागतं.

हे सगळं करायला पाच मिनिटं लागतात. पाना लागत नाही, गॅरेज लागत नाही, नवरा लागत नाही. रोज जाणारीनं आठवड्यातून एकदा करावं. ज्या दिवशी टायरची हवा बघता त्याच दिवशी.

रंगाबद्दल एक गैरसमज काढून टाकू. "ऑइल काळं झालंय, खराब झालंय" असं म्हणून वेळेच्या आधीच बदलायला लावणारे भेटतात. काळं होणं हा ऑइलचा गुन्हा नाही. ते काजळी आपल्यात धरून ठेवतंय, म्हणजे काम करतंय. डिझेलच्या टेम्पोत तर नवं ऑइल थोड्याच दिवसांत काळं होतं. भिण्यासारखं काय, ते सांगते. दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. बोटावर चोळल्यावर चमचम कण दिसले तर आत धातू झिजतोय. पेट्रोलचा उग्र वास येऊन पाण्यासारखं पातळ झालं असेल तर पेट्रोल त्यात उतरतंय. या तिन्हीपैकी काहीही दिसलं तर ऑइल बदलून भागत नाही, कारण शोधावं लागतं, आणि तिथं मिस्त्रीच लागतो.

आता मूळ प्रश्नाकडं येऊ, भरवशाच्या. आपण कितीतरी गोष्टी दुसऱ्यावर सोपवतो. जातं आपण केव्हाच सोडलं, दळण गिरणीत टाकतो. पण शहाणी बाई काय करते? गिरणीशी उभी राहते. आपलाच गहू पडला का, आधीच्या ज्वारीचं पीठ आपल्यात आलं का, ते बघते. त्यात गिरणीवाल्याचा अपमान नाही, तोही रागावत नाही. डेअरीत दूध घालताना फॅटच्या मशीनचा आकडा आपण बघतोच. बँकेवर विश्वास असतो तरी पासबुक भरून आणतो. मग गाडी गॅरेजला लावून "संध्याकाळी येते" म्हणून निघून जायची सवय आपल्याला का लागली?

कारण गाडीचं काम झालं की नाही हे झाल्यावर दिसत नाही. केस कापले तर आरशात दिसतात. ऑइल बदललं का, हे सीटवर बसून कळत नाही, गाडी तशीच चालते. जॉर्ज अकरलॉफ नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानं 1970 साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक लेख लिहिला, पुढं 2001 साली नोबेल मिळालं त्यात या कामाचा वाटा होता. त्याचं म्हणणं सोप्या भाषेत असं. चांगली गाडी कुठली आणि सडकी कुठली हे गिऱ्हाइकाला ओळखता येत नसेल, तर तो दोन्हीला मधलाच भाव देतो. मग चांगली गाडी विकणाऱ्याला तो भाव परवडत नाही, तो बाजारातून उठून जातो, आणि सडक्या गाड्या उरतात. मिस्त्रीच्या धंद्यालाही हे लागू पडतं, असं मला वाटतं. जो मिस्त्री पुरं ऑइल टाकतो, नवा वायसर लावतो, त्याची मजुरी शेजारच्यापेक्षा पन्नास रुपयांनी जास्त पडते. आपल्याला फरक कळत नसेल तर आपण पन्नास रुपये वाचवायला शेजारी जातो. म्हणजे आपल्या न बघण्याचा फटका पहिल्यांदा प्रामाणिक माणसाला बसतो. काडी बघणाऱ्या बाईचं चांगल्या मिस्त्रीला ओझं वाटत नाही, उलट तिच्यामुळं त्याचं काम ओळखलं जातं.

मिस्त्रीची बाजूही ऐकावी. ऑइल बदलायची नुसती मजुरी फार नसते, त्याला चार पैसे सुटतात ते डब्यावर. म्हणून आपण स्वतःचा डबा घेऊन गेलो की काहींचं तोंड उतरतं. मग मजुरी थोडी जास्त द्या, तसं आधी बोलून घ्या. सगळ्यात स्वस्त ऑइल मागणारी गिऱ्हाइकंही त्याच्याकडं रोज येतात, आणि इंजिन बसलं की शिव्या त्यालाच.

विश्वास की स्वतः, या भांडणाचा निकाल मला तरी कारखान्यांनी आधीच लावलेला दिसतो. जपानमध्ये निप्पॉनडेन्सो या मोटारींचे भाग बनवणाऱ्या कंपनीत एक पद्धत रुजली, तिला 1971 साली तिथला मोठा पुरस्कार मिळाला, आणि पुढं ती जगभरच्या कारखान्यांत गेली. आपल्याकडच्या कारखान्यांतल्या बायकांनी टीपीएम ही अक्षरं भिंतीवर वाचली असतील, ती हीच. तिच्यात एक नियम आहे. मशीनची रोजची पुसापुशी, ऑइलची पातळी बघणं, सैल झालेलं आवळणं आणि आवाज बदलला का ते ऐकणं, हे मशीनवर काम करणाऱ्यानं करायचं. खोलून दुरुस्ती मेंटेनन्सच्या माणसानं करायची. का? कारण दिवसभर मशीनपाशी जो असतो त्यालाच बारीक बदल आधी कळतो. म्हशीनं वैरण कमी खाल्ली हे डॉक्टरच्या आधी धार काढणारीला कळतं, तसंच. आपल्यातल्या कितीतरी जणी पाळी सुरू होताना मशीनच्या तक्त्यावर ऑइलपुढं बरोबरची खूण करतात, आणि त्याच हातांनी संध्याकाळी स्वतःची गाडी चार महिन्यांत एकदाही न बघितलेली सुरू करतात.

तर माझं मत असं. तपासणं कुणावरही सोडू नका. बदलणं मिस्त्रीवर सोडायला हरकत नाही, पण तुमच्या डोळ्यांसमोर.

घरी बदलावं का? बदलता येतं, अवघड नाही. इंजिन कोमट करायचं, खाली जुनी परात ठेवायची, तळाचा नट योग्य मापाच्या पान्यानं सोडवायचा, जुनं ऑइल पूर्ण निथळू द्यायचं. नट पुसून नव्या वायसरसकट परत बसवायचा, नरसाळ्यानं मोजून नवं ऑइल भरायचं, गाडी मिनिटभर चालवून बंद करायची आणि काडी बघायची. काही स्कूटींत नटामागं जाळी असते, ती धुवायची. हे एवढंच. पण यात दोन जागा घात करतात. एक, आटे. इंजिनाचा खालचा भाग ॲल्युमिनियमचा, म्हणजे मऊ असतो. लोखंडी नट जोर लावून आवळला की आतले आटे जातात, आणि मग कायमची गळती. नट आधी बोटांनीच फिरवायचा, तिरका जात असेल तर काढून परत लावायचा, शेवटी पान्यानं बेताचं आवळायचं. दोन, चुकीचा नट. बऱ्याच स्कूटींत मागच्या चाकाशी गिअर ऑइलची वेगळी छोटी जागा असते, शंभर-सव्वाशे मिलीची. नवखी माणसं तो नट सोडतात, गिअर ऑइल सांडतात आणि इंजिनात जुन्यावरच नवं ओततात. म्हणून पहिल्यांदा कुणा जाणत्यासमोरच करावं. गाडी वॉरंटीत असेल तर मात्र घरी हात लावूच नका. कंपनीच्या ठरलेल्या सर्व्हिस ठरलेल्या वेळेत करा आणि प्रत्येक बिल जपून ठेवा, नाहीतर उद्या इंजिनाचा दावा नाकारायला त्यांना आयतं कारण मिळतं.

एकटीच्या एका गाडीसाठी पाने, परात आणि जुन्या ऑइलची भानगड घरात आणण्यात फारसा पैसा वाचत नाही, असा माझा हिशेब आहे. गटात आठ-दहा गाड्या असतील तर गोष्ट वेगळी. पण तेव्हाही मी म्हणेन, ओळखीच्या मिस्त्रीलाच एका रविवारी बोलवा, सगळ्या गाड्या रांगेत लावा, आणि त्यानं करताना बघून शिका.

गॅरेजला गेलात तर डबा सीलबंद हवा, आणि सील तुमच्यासमोर फुटायला हवं. डब्यावर काय लिहिलंय ते वाचायला शिका. 10डब्ल्यू-30 किंवा 20डब्ल्यू-40 असे आकडे असतात, ते पातळ-दाटपणाचे. पुस्तकात जो आकडा तोच घ्यायचा. "आपल्याकडं उन्हाळा आहे, दाट टाका" असं कुणी म्हणालं तरी आधी पुस्तक. दुसरं, एमए किंवा एमबी अशी जपानी प्रमाणाची अक्षरं असतात. मोटारसायकलीचा क्लच ऑइलमध्येच भिजलेला असतो, त्याला एमए लागतं. तिथं मोटारीचं किंवा स्कूटीचं निसरडं ऑइल घातलं तर क्लच घसरतो, गाडी ओढत नाही. स्कूटीचा क्लच कोरडा असतो, तिला बऱ्याच कंपन्या एमबी सांगतात. घरात नवऱ्याची मोटारसायकल आणि तुमची स्कूटी असेल तर उरलेलं ऑइल इकडचं तिकडं करू नका.

आणि बोलायचं कसं? भांडून नाही. "दादा, ऑइल मी आणलंय, माझ्यासमोर टाका. जुनं किती निघालं ते दाखवा." जुनं मापात बघितलं की गेल्या काही महिन्यांत गाडीनं किती खाल्लं तेही कळतं, ही माहिती मिस्त्रीलाही उपयोगी असते. काम झालं की काडी तुम्ही स्वतः काढून बघा. रिकामा डबा बरोबर घेऊन जा किंवा तिथंच भोक पाडून टाका. चांगल्या कंपनीचे साबूत रिकामे डबे विकले जातात आणि त्यात भलतंच भरून परत बाजारात येतं. मग बिल. छोटं गॅरेज असलं तरी कागदावर तारीख, किलोमीटर, ऑइलचं नाव आणि रक्कम लिहून घ्या. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915, आणि पुढं जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथं फी लागत नाही. पण कागद नसेल तर तिथं जाऊन काय दाखवणार?

"मिस्टरांना पाठवा, तुम्हाला कळायचं नाही," असं तोंडावर ऐकलेल्या बायका आपल्यात पुष्कळ आहेत. इंग्लंडची राणी एलिझाबेथ 1945 साली, अठरा वर्षांची राजकन्या असताना, लष्कराच्या महिला दलात ट्रक चालवायला आणि दुरुस्त करायला शिकली होती. तिला कळलं. परभणीच्या शीला डावरे 1988 साली पुण्यात रिक्षा चालवायला लागल्या, देशातल्या पहिल्या महिला रिक्षाचालक म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. पिठात पाणी किती हे ज्या बाईला न मोजता कळतं तिला दोन रेघांमधली खूण कळणार नाही, यावर माझा तरी विश्वास बसत नाही.

आता जुन्या ऑइलबद्दल, आणि हे जरा कडक शब्दांत सांगते. जळकं ऑइल आपल्याकडं फार कामांना वापरतात. चौकटीला वाळवी लागू नये म्हणून फासतात, गोचिडांवर आणि खरजेवर म्हशीच्या अंगाला चोळतात, चूल पेटवायला ओततात. गुरांच्या अंगाला ते चोळू नका. वापरलेल्या ऑइलमध्ये झिजलेल्या धातूंचा अंश आणि जळाल्यामुळं तयार झालेली विषारी द्रव्यं असतात. ती कातडीतून आत जातात, आणि जनावर अंग चाटतं. चुलीत टाकलं तर तो धूर तुमच्या आणि पोरांच्या छातीत जातो. तुमच्या हाताला लागलं तर रॉकेलनं नाही, साबणानं धुवा. आणि नाल्यात, उकिरड्यावर, बोअरच्या आसपास तर थेंबही ओतू नका. एक लिटर ऑइल दहा लाख लिटर पाणी बिघडवू शकतं, असा अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचा हिशेब आहे. आपल्याकडं उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारी गावं आहेत, आपल्याला हे परवडणार नाही. सरकारच्या 2016 च्या नियमांत वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं, आणि एप्रिल 2024 पासून ते गोळा करून शुद्ध करायची जबाबदारी ऑइल विकणाऱ्या कंपन्यांवरही टाकली आहे. आपल्यापुरतं सांगायचं तर घरी बदललंच तर रिकाम्या डब्यात भरून झाकण लावा आणि ज्या गॅरेजमध्ये जुन्या ऑइलचं पिंप असतं आणि ते नोंदणीकृत माणसाला देतात, तिथं नेऊन द्या. घरी बदलायच्या विरुद्ध माझं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. मिस्त्रीकडं पिंप असतं, आपल्याकडं उकिरडा असतो.

गटांसाठी एक काम सुचवते. महिन्याच्या बैठकीला बचतीची वही उघडता, त्याच वहीच्या मागच्या पानावर गाड्यांचा तक्ता आखा. गाडी कुणाची, आज किती किलोमीटर, ऑइल कधी बदललं, काडी कुठं होती, मधे किती घालावं लागलं. दहा मिनिटांचं काम. वर्षभरात दिसेल की एखादीच्या गाडीला दर महिन्याला ऑइल घालावं लागतंय, म्हणजे इंजिनाचं काम जवळ आलंय. त्यासाठी तिनं आधीपासून पैसे बाजूला ठेवले तर ऐनवेळी कर्ज काढावं लागणार नाही. कुठल्या मिस्त्रीच्या हातून गेलेल्या गाड्या ठीक आहेत हेही त्याच पानावर दिसेल. मग भरवसा ऐकीव राहणार नाही.

शेवटी कोंडीहून आलेल्या एका प्रश्नाचं उत्तर देऊन थांबते. ताई विचारतात, गटानं इलेक्ट्रिक स्कूटर घेतली तर ऑइलचा जाच जाईल का? इंजिन ऑइलचा जाईल, कारण तिच्यात इंजिनच नाही. काही मॉडेलमध्ये मागच्या चाकाशी गिअर असतो, त्याला थोडं ऑइल लागतं, ते विकत घेतानाच विचारून घ्या. ब्रेक, टायरची हवा आणि बॅटरीची काळजी मात्र आहेच. बॅटरीची वॉरंटी किती वर्षांची आणि किती किलोमीटरची, हे कागदावर लिहून घेतल्याशिवाय सही करू नका. बॅटरीबद्दल आलेले बाकीचे प्रश्न पुढच्या बुधवारी घेऊ.